पूल किती उंच यापेक्षा किती गाळ्यांचा, ते आधी विचारा

सप्टेंबर २०२५ चा सीना नदीचा पूर ओसरला, त्यानंतर चार दिवसांनी मी मोहोळ तालुक्यात मावशीच्या गावाला गेलो, आणि तिथं जे बघितलं ते अजून डोळ्यापुढून हलत नाही. पूल जागेवर उभा होता आणि त्याला दोन्हीकडनं रस्ताच नव्हता. रेलिंगला कडबा, ठिबकच्या नळ्या, फाटकी ताडपत्री, कुणाची तरी चादर असं सगळं गुंडाळलेलं, मधल्या दोन गाळ्यांत, म्हणजे दोन खांबांमधल्या मोकळ्या वाटांत, एक आख्खी बाभूळ आडवी अडकलेली. अलीकडचा भराव तर सुरीनं कापल्यासारखा तुटलेला, डांबराचा थर हवेत लोंबकळतोय आणि खाली आठ-दहा फुटाचा खड्डा. पलीकडं मावशी हात करून उभी, अलीकडं मी पिशवी घेऊन, मधी नदी गुडघाभर. एवढुशी नदी आणि तिनं चार दिवसापूर्वी काय केलं होतं!

मी डिप्लोमा सिव्हिल. सोळा वर्षं साईटवर काढली, त्यातली सहा पुलाच्या कामांवर. म्हणून असेल, माझं लक्ष खड्ड्याकडं न जाता भरावाच्या दोन बाजूंकडं गेलं. वरच्या अंगाला एक लिंबाचं झाड होतं आणि खालच्या अंगाला लाईटचा खांब, दोन्हीवर चिखलाची रेघ स्पष्ट दिसत होती. गावातल्या गवंड्याकडनं पाण्याची लेव्हल-नळी मागून आणली आणि दोघांनी धरून बघितलं. वरच्या बाजूची रेघ खालच्या बाजूपेक्षा पावणेदोन फुटानं उंच. म्हणजे पाणी रस्त्याला तटलं होतं. रस्त्यानं धरणाचं काम केलं होतं, आणि ते धरण फुटेपर्यंत वरच्या बाजूची सगळी शिवारं, वस्त्या, गोठे पाण्यात बसून होते.

पुढच्या ग्रामसभेत काय झालं ते तुम्ही ओळखाल, कारण करमाळ्यापासून दक्षिण सोलापूरपर्यंत सीनाकाठच्या कुठल्याही गावात जा, पुरानंतर एकच मागणी ऐकू येते: पूल उंच करा. आमदार आले, पूल उंच करा. अधिकारी आले, पूल उंच करा. लोकांचं दुःख मला पूर्ण समजतं, मी त्याच लोकांतला आहे. पण ही मागणी अर्धी आहे आणि अर्धी मागणी धोक्याची असते असं माझं स्पष्ट मत आहे. नुसती उंची मागितली तर उंचीच मिळेल, गाळे तेवढेच राहतील, आणि पूल वर उचलला की त्याला जोडणारा रस्ता पण वर उचलावा लागतो, तो रस्ता उचलायचा म्हणजे दोन्ही काठाला आणखी लांब आणि आणखी उंच मुरमाचा भराव, म्हणजे आज जे धरण दहा फुटाचं आहे ते उद्या अठरा फुटाचं. पूल पाण्याच्या वर राहील, फोटो छान येतील, आणि वरच्या अंगाची वस्ती आत्तापेक्षा जास्त बुडेल.

पाणी एक फूट जास्त चढलं तर काय एवढं, असं वाटतं. आपल्या भागातली काळी रानं किती सपाट आहेत ते आठवा. काठाच्या जमिनीला पाचशे फुटाला एक फूट चढ असेल तर पुलामुळं एक फूट फुगवटा आला की पाणी पाचशे फूट आत शिरतं. पाचशे फुटात किती ऊस, किती द्राक्षबाग, किती घरं येतात ते ज्याचं त्यानं मोजावं. हा फुगवटा डिझाईन करताना काढावाच लागतो, त्याला हिशोब आहे, तो अंदाजाचा विषय नाही. प्रश्न एवढाच की तो आकडा गावाला कोण सांगतं? मी तरी आजवर एकाही ग्रामसभेत ऐकला नाही.

आता थोडं गणित, कंटाळू नका, कारण सगळा वाद या गणितात आहे. समजा पुरात नदीतनं सेकंदाला २५०० घनमीटर पाणी येणार. गाळाच्या नदीला स्वतःच्या मनानं वाहायला किती रुंदी लागते त्याचा लेसीचा एक जुना नियम आहे, पाण्याच्या आकड्याचं वर्गमूळ काढायचं आणि ४.८ नं गुणायचं. २५०० चं वर्गमूळ ५०, म्हणजे साधारण २४० मीटर. सीनेचा तळ सगळीकडं शुद्ध गाळाचा नाही, कुठं मुरूम कुठं खडक, म्हणून हा आकडा दगडावरची रेघ मानू नये, पण कल्पना येते. आता आपण पैसे वाचवायला पूल १२० मीटरचा केला आणि उरलेल्या १२० मीटरवर भराव टाकला तर तेवढंच पाणी निम्म्या वाटेनं जायला बघणार. खोली तीच धरली तर वेग दुप्पट होतो. आणि पाण्याचा खांबावरचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ६ ह्या पुलावरच्या भारांच्या नियमपुस्तकात सूत्रच दिलंय, म्हणजे वेग दुप्पट तर दाब चौपट. त्यातच खांबाच्या आकाराचा एक गुणांक असतो, चौकोनी नाकाच्या खांबाला १.५ आणि अर्धगोल नाकाच्याला ०.६६, निव्वळ नाक गोल केलं तर दाब निम्म्याहून कमी होतो आणि त्याला जास्तीचं सिमेंट लागत नाही, फक्त सेंट्रिंगवाल्याला गोल पत्रा बांधायचा कंटाळा न करायला सांगावं लागतं.

वेग वाढला की दाबापेक्षा वाईट गोष्ट खाली घडते, ती कुणाला दिसत नाही. स्कावर. म्हणजे पाणी खांबाच्या बुडाशी भोवरा करतं आणि माती उकरून नेतं. त्याच लेसीच्या हिशोबानं वाट निम्मी केली तर ही उकर दीडपटीच्या वर जाते. पूर ओसरताना गाळ परत त्या खड्ड्यात बसतो, वरनं बघणाऱ्याला तळ पूर्वीसारखाच दिसतो, आणि आपण म्हणतो पूल टिकला. नदीवरचे पूल जास्त करून ह्याच कारणानं जातात, काँक्रीट तुटून कमी आणि पायाखालची जमीन सरकून जास्त. म्हणून खांबासाठी उकरीची खोली सरासरीच्या दुप्पट धरायची आणि पाया तिच्याही खाली न्यायचा असा नियम आहे. आपल्याकडं पाषाण लागतो ते नशीब, कठीण खडक असेल तर पाया त्यात ०.६ मीटर घुसवायचा, मऊ खडक असेल तर १.५ मीटर. पण खडक तळात फरशीसारखा एका लेव्हलला नसतो. एका कामावर मी बघितलंय, तिसऱ्या खांबाला तीन मीटरवर खडक लागला आणि चौथ्याला, वीस मीटरवरच, साडेपाच मीटर गेलो तरी मुरूमच. ड्रॉइंगमध्ये दोन्हीकडं एकच पातळी होती, कारण खडक किती खोल ते बघायची भोकं, ट्रायल बोअर, एक आड एक खांबाला घेतली होती. आम्ही खोदत गेलो म्हणून कळलं. खोदणारा दुसरा असता आणि बिलाची घाई असती तर?

आणि हे सगळं हिशोब करून पाया बसवला तरी नंतर तिथनं वाळू उपसली तर हिशोब संपला. भीमा आणि सीनेच्या वाळूचं काय झालंय ते सोलापूर जिल्ह्यात कुणाला नव्यानं सांगायला नको. पूल बांधताना तळ जिथं होता त्याच्या खाली तळ गेला की खांबाचा जो भाग कायम मातीत राहायला पाहिजे तो उघडा पडतो. मी स्वतः उन्हाळ्यात एका पुलाखाली उभा राहून पायाच्या काँक्रीटवर हात ठेवलाय, जे मला कधी दिसायलाच नको होतं. तिथं लावलेल्या सेंट्रिंगच्या फळ्यांच्या नक्षा काँक्रीटवर अजून ताज्या होत्या. वाळूचा विषय निघाला की आपण महसूल बुडाला, पाणीपातळी गेली एवढंच बोलतो, पुलाचं नाव त्यात येतच नाही, ते यायला पाहिजे.

आता खरा कळीचा प्रश्न, पाणी किती येणार हे ठरवतं कोण आणि कशावरनं? मोठ्या पुलाला शंभर वर्षात एकदा येईल असा पूर धरायचा हे पुस्तकात आहे. पाणलोटावरनं पुराचं पाणी काढायला महाराष्ट्रात इंग्लिस साहेबाचं सूत्र वर्षानुवर्षं वापरलं जातं, पण ते मुळात सह्याद्रीच्या घाटातल्या पाणलोटाचं. सीना उगम पावते अहिल्यानगर जिल्ह्यात, कमी पावसाच्या मुलखात, वर्षातले आठ-नऊ महिने तिच्या पात्रात शेळ्या चरतात. त्यामुळं आकड्याला आधार म्हणून गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून, देवळाच्या भिंतीवरची खूण बघून, आजवरची सगळ्यात उंच पूररेषा, ज्याला आपण साईटवर एचएफएल म्हणतो, ती घेतली जाते. पद्धत वाईट नाही, म्हातारी माणसं खोटं बोलत नाहीत. पण त्यांनी सांगितलेली पूररेषा २०२५ च्या आधीची आहे! लांबोटीला पाणी एवढं चढलं की पुणे हायवेची वाहतूक थांबवावी लागली, माढा, मोहोळ, उत्तर सोलापूरच्या कितीतरी गावांत पूर्वी कधी न आलेलं पाणी आलं. मग त्याच्या आधीच्या एचएफएलवर मंजूर झालेले, अजून बांधून न झालेले जेवढे पूल या नदीवर आहेत त्यांची ड्रॉइंग तशीच वापरायची का? माझं म्हणणं, एकूण एक परत उघडा. पाया भरला असेल तरी उघडा, गाळे वाढवायला तेव्हाही जागा असते, एका बाजूचा भराव काढून तिथं दोन गाळे टाकता येतात.

खालच्या भागात तर आणखी एक गोष्ट आहे. हत्तरसंग कुडलला, जिथं शके ९४० चा मराठी शिलालेख आहे, तिथं सीना भीमेला मिळते. भीमेवरचं उजनी धरण भरलेलं असताना भीमेला पाणी सोडलेलं असेल तर सीनेच्या पाण्याला संगमावर पुढं सरकायला वाव राहत नाही, ते मागं फुगतं. म्हणजे दक्षिण सोलापुरातल्या सीनेच्या पुलाची पूररेषा एकट्या सीनेवरनं काढताच येत नाही, दोन्ही नद्यांचं एकत्र बघावं लागतं. दोन नद्या, दोन पाणलोट आणि कागद दोन वेगवेगळ्या टेबलांवर, ही आपली अडचण आहे.

उंचीच्या विरुद्ध मी आहे असा अर्थ कुणी काढू नका. पूररेषा आणि पुलाच्या पोटामध्ये मोकळी जागा लागतेच, सेकंदाला ३०० ते ३००० घनमीटर पाणी असेल तर १.२ मीटर आणि त्याच्या वर १.५ मीटर, कारण झाडं, कडबा, जलपर्णी तेवढ्यातनं पुढं सरकली पाहिजे. नाहीतर मावशीच्या गावची ती बाभूळ. एक झाड अडकलं की त्याला कडबा अडकतो, कडब्याला गाळ, तासाभरात दोन गाळे बंद आणि पाणी भरावावर. ती बाभूळ अडकायला गाळ्यांची लांबी पण कारण होती, आठ-आठ मीटरचे गाळे होते ते. लांब गाळे ठेवले तर खांब कमी, अडथळा कमी, पण गर्डर, म्हणजे खांबावरची तुळई, खोल होतो, खर्च चढतो. इथं डिझाईन करणाऱ्याची खरी कसोटी असते आणि इथंच त्याच्यावर टेंडरच्या आकड्याचा दबाव येतो.

खर्चाचा मुद्दा मला टाळायचा नाही. मुरमाचा भराव स्वस्त आणि पुलाचा मीटर महाग, हे कुणीही सांगेल. पण भराव वाहून गेल्यावर तो परत भरायचा खर्च, पुराच्या प्रत्येक खेपेला, कोणत्या खात्यात धरतात? बुडालेल्या उसाची भरपाई, दगावलेली जनावरं, गाळपाच्या हंगामात बंद पडलेला रस्ता, ज्या जिल्ह्यात तीसच्या वर साखर कारखाने आहेत तिथं डबल ट्रॉल्यांना वीस-पंचवीस किलोमीटरचा वळसा, हे पुलाच्या एस्टिमेटमध्ये येत नाही म्हणून भराव स्वस्त दिसतो. हिशोब पूर्ण मांडा, मग स्वस्त-महाग ठरवू.

सगळीकडं मोठाच पूल पाहिजे असंही नाही. जिथं पलीकडं फक्त रान आहे तिथं बुडता पूल, प्रामाणिकपणे बुडता म्हणून डिझाईन केलेला, अगदी योग्य आहे. त्याला रेलिंग काढता येणारं, कडा गोल, स्लॅबच्या खाली अडकलेली हवा निघायला भोकं आणि भराव जवळजवळ नसलेला. ती भोकं का, तर साधं आहे, काँक्रीटचं वजन घनमीटरला अडीच टन, पाण्यात बुडालं की दीडच टन उरतं, वर गर्डरांच्या मधी हवा कोंडली तर पूल अजून हलका होतो आणि बाजूनं पाणी ढकलतच असतं. पण ज्या पुलावरनं पोरं शाळेला जातात, बाळंतीण दवाखान्यात न्यायची असते, तिथं बुडता पूल देऊन मोकळं होणं मला पटत नाही. आणि कोल्हापूर पद्धतीचे बंधारे तर पूल नाहीतच, तरी भीमेवर आणि सीनेवर लोक त्यांच्यावरनं मोटारसायकली घालतात, कारण दुसरा रस्ता नाही. त्यांना दोष देऊन काय उपयोग.

बांधकामाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण वाट मोठी दिली आणि खांब कच्चा राहिला तर सगळं पाण्यात. सोलापूरचा एप्रिल-मे, पारा बेचाळीस-त्रेचाळीस, गरम वारा, आणि नदी कोरडी असते म्हणून नेमकं तेव्हाच काम जोरात. काँक्रीट ओतलं की वरचं पाणी उडून जातं. तपासणीसाठी त्याच काँक्रीटचे ठोकळे, क्यूब, भरतात, ते टाकीत २८ दिवस थंड पाण्यात आरामात पडून असतात आणि प्रेसवर पास होतात. खांबाला मात्र गोणपाट गुंडाळून चार दिवस पाणी मारलं, पाचव्या दिवशी टँकर आला नाही. क्यूब पास म्हणजे खांब पास असं धरून चालू नका. एका साईटवर मी खांबाच्या साच्याची पेटी उघडताना बघितलं, खांबाच्या खालच्या दीड फुटात मधमाशीच्या पोळ्यासारखी खडी मोकळी, आत सळई दिसतेय, कारण रिंगा इतक्या दाट की व्हायब्रेटरची सुई आत गेलीच नाही, आणि सळई पेटीपासून आत ठेवणाऱ्या कव्हर ब्लॉकच्या ऐवजी खडीचे तुकडे सरकवले होते ते ओतताना निसटले. त्यांनी सिमेंटचा लेप मारायला माणूस पण बोलावला होता. मी तोडायला लावलं, भांडण झालं, माझं त्या कामावरचं नाव गेलं. सळईवरचं काँक्रीटचं ४० मिलिमीटरचं कव्हर ही नुसती ड्रॉइंगवरची रेघ नाही, तेवढंच अंतर पाण्यानं आणि हवेनं कापायचं असतं सळईपर्यंत पोचायला, आणि सळई गंजली की फुगते आणि आतनं काँक्रीट फोडते. ह्या पुलाला तीस वर्षांनी जे होणार ते त्या दुपारी ठरणार होतं.

पंढरपूरचं पण सांगायला पाहिजे. चंद्रभागेवरचा जुना दगडी पूल पाण्याखाली जातो हे वारकऱ्यांना माहीत आहे. पण आयआरसी ६ मध्ये एक ओळ आहे जी वाचून मला पहिल्यांदा पंढरपूरच आठवलं: पुलाच्या पायवाटेवर माणसांचा भार चौरस मीटरला ४०० किलो धरा, पण तीर्थक्षेत्र किंवा मोठी जत्रा भरते अशा गावाजवळ ५०० धरा. जून २०२५ मध्ये मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल गर्दीनं कोसळला तेव्हा मला ही ओळ परत आठवली. आषाढीला दिंड्या ज्या लहानमोठ्या पुलांवरनं जातात, फक्त पंढरपुरातल्या नाही, वाटेवरच्या सुद्धा, त्यांची यादी करून प्रत्येकापुढं हा आकडा लिहायला काय अवघड आहे?

मनात आलं की होतं, हे आपण बघितलंय. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन कमानीचा पूल गेला, दोन एसटी गेल्या, माणसं गेली, आणि तिथं नवा पूल वर्षाच्या आत, जून २०१७ ला उभा राहिला. तेवढी घाई आपल्याला माणसं जायच्या आधी का सुचत नाही, हा प्रश्न मला रात्री झोपू देत नाही, खरंच सांगतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक नव्या पुलाच्या कामावर ठेकेदाराच्या नावाचा जो बोर्ड असतो त्यावर अजून पाच आकडे लिहा, सगळे मराठीत: सेकंदाला किती पाणी धरलंय, पूररेषा कुठली धरली आणि कधीची, एकूण गाळे किती आणि मोकळी वाट किती मीटर, वरच्या बाजूला फुगवटा किती येईल, आणि प्रत्येक खांबाचा पाया किती खोल. गावाला सूत्र कळायची गरज नाही. शंभर वर्षातनं एकदा येणारं पाणी म्हणून लिहिलेली रेघ आणि सप्टेंबरात स्वतःच्या घरात आलेलं पाणी, यातलं कुठलं वर आहे ते सातवी शिकलेला शेतकरी दोन मिनिटात सांगेल.

मावशीच्या गावच्या ग्रामसभेत ठराव लिहायला घेतला तेव्हा पहिली ओळ ‘पूल दहा फूट उंच करावा’ अशीच होती. मी ती चिखलाच्या रेघेची गोष्ट सांगितली, पावणेदोन फुटाची. लेव्हल-नळी धरलेला गवंडी तिथंच बसला होता, त्यानं मान डोलावली. बऱ्याच चर्चेनंतर एक म्हातारे, ज्यांचा गोठा वरच्या अंगाला होता आणि दोन म्हशी गेल्या होत्या, ते म्हणाले, अहो मग भराव काढून तिथं गाळेच घाला की, आम्ही खाली उतरून गेलो तरी चालंल, पण पाणी जाऊ द्या. ग्रामसेवकांनी पहिली ओळ खोडली आणि त्यांचं वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. ठराव आता तालुक्याला गेलाय. त्याच आठवड्यात पोरांनी शाळेच्या भिंतीवर लाल ऑइलपेंटनं पुराची रेघ मारली, खाली तारीख घातली, आणि ती रेघ पाचवीच्या पोराच्या डोक्याच्या वर आहे.